तीस झाल्यावरचे दोन श्वास

या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते आणि तितक्याच आवडीने त्यातल्या चुका काढते. खिडकी आपोआप उघडली म्हणे... अहो, कडी सैल असेल! उभी हयात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. एका गावात तर आमच्या सातवीच्या मुलींना भानामतीचा त्रास सुरू झाला होता, आणि सहामाही परीक्षा पुढे ढकलल्याबरोबर ती भानामती गाव सोडून गेली. तेव्हा माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होते, पण नको. नाहीच.

तरीही हे लिहितेय, कारण ज्या एका व्यक्तीला सांगायला हवं होतं तिला मी मुद्दाम सांगितलं नाही. आणि दुसरं कुणी सांगण्यासारखं मला नाही.

मी परभणीत राहते, वसमत रोडवरून आत वळल्यावर जी घरं लागतात त्यांतल्या एका घरात. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर गच्चीला लागून एक खोली. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, ते लांबलेल्या आजारात गेले. मूलबाळ नाही. यांच्या माघारी सुरुवातीला लोक येत-जात, मग हळूहळू कमी झाले, त्यांनाही संसार आहेत. कधी कधी संध्याकाळी दिवा लावताना लक्षात येतं की आज आपण आवाजच वापरलेला नाही. मग मुद्दाम खाकरून बघते – आहे ना जागेवर.

वरची खोली मी मेडिकलच्या मुलीला भाड्याने दिली. तिचं नाव इथे शिवकन्या ठेवते, खरं वेगळं आहे. पालम तालुक्यातल्या एका खेड्यातली, वडलांची शेती आणि पिठाची गिरणी, घराण्यातली पहिली डॉक्टर होणारी. वडलांना ती आबा म्हणायची. होस्टेलवर तिचं जमेना. तिथल्या मुली लातूरच्या, संभाजीनगरच्या, क्लासेस करून आलेल्या, आणि ही बोलायला लागली की ‘हाय’ नि ‘न्हाई’वरून खसखस पिकायची. म्हणून पोरगी बोलायचीच बंद झाली होती. माझ्याकडे आल्यावरही पहिले काही दिवस ‘काकू, पाणी आलं का’ याच्यापुढे गाडी गेली नाही. एका घरात दोन मुक्या बायका राहत होत्या असं म्हणा ना.

एका संध्याकाळी ती जिन्यात बसून डोळे मिटून काहीतरी घोकत होती. मी विचारलं, तर म्हणाली बेसिक लाइफ सपोर्ट. म्हणजे माणूस अचानक पडला, श्वास थांबला, तर दवाखान्यात पोचेपर्यंत छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला धरून ठेवायचं. मी म्हटलं, समज मी आत्ता इथे पडले, काय करशील? ती ताडकन उभी राहिली आणि इंग्रजीतून सुरू झाली – आधी जागा सुरक्षित आहे का पाहावं, मग रुग्णाचा खांदा हलवून हाक मारावी, मग मदत मागवावी, छाती किती सेंटिमीटर दाबावी, मिनिटाला किती वेळा... सगळं बिनचूक. फक्त हात दोन्ही बाजूंना लोंबकळत होते, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलीसारखे.

“पूर्ण मार्क,” मी म्हटलं. “पण तू खाली बसेपर्यंत मी गेलेली असेन.”

त्यावर ती पहिल्यांदा हसली. मग खरं काय ते सांगितलं. कॉलेजात त्यासाठी रबराचा एक पुतळा आहे आणि अख्खी बॅच. सरांनी करून दाखवलं, मग प्रत्येकाला थोडं थोडं दाबायला मिळालं, बाकी वेळ पुतळ्यासोबत फोटो काढण्यात गेला. लेखीला पर्याय निवडायचे होते, त्यात हिला चांगले मार्क पडले. “पन काकू, माझे हात कधी चाललेच न्हाईत,” ती म्हणाली. आता प्रॅक्टिकलला दोघांनी मिळून करायचं होतं. एकाने छाती दाबायची, दुसऱ्याने डोक्याशी बसून श्वास द्यायचा. जोड्या रोल नंबरप्रमाणे लावल्या होत्या. हिचा नंबर शेवटचा, त्यात बॅच विषम, म्हणून ही एकटी उरली. ‘ऐन वेळी कुणासोबत तरी घालू तुला’ असं सांगून सर निघून गेले होते.

मला राग आला. शाळेत मी कधी पोर उरू दिलं नाही. कुणी उरलंच तर त्याच्या जोडीला मी स्वतः बसायचे. मी हॉलमधला जाड लोड ओढून फरशीवर आडवा केला, त्याच्या टोकाला पेनाने डोळे, नाक, तोंड काढलं आणि डोक्याशी जाऊन बसले. “हं, कर सुरू.”

त्या दिवसापासून तो आमचा रोजचा कार्यक्रमच झाला. ती गुडघे टेकून, कोपरं ताठ ठेवून लोड दाबायची आणि मोठ्याने मोजायची. तीस झालं की थांबून म्हणायची, “काकू, दोन!” मग मी लोडाच्या तोंडावर वाकून दोन श्वास सोडायचे. छाती फुगताना दिसेल इतके भरून, पण जोरात फुंकायचं नाही, घाई करायची नाही. माझं चुकायचं. मी चूल फुंकल्यासारखी फुंकायचे. ती दटावायची, “काकू, पोटात जाईल वारं.” मला कुणी दटावून किती वर्षं झाली होती! गुडघे बोंबलायचे, पण दुपारपासूनच मी तिच्या येण्याची वाट बघायला लागले. परीक्षा झाली, सरांनी तिचं कौतुकही केलं, तरी आम्ही ते बंद केलं नाही. हात बसायला पाहिजे, असं एकमेकींना सांगत राहिलो. खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं.

एकटीने असताना कसं करायचं, तेही तिच्या पुस्तकात होतं – तीस दाबून आपणच डोक्याशी सरकायचं, दोन श्वास द्यायचे आणि परत छातीशी यायचं. ते आम्ही कधी केलंच नाही. मी होते ना.

मग येळवस आली. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगते – ही मार्गशीर्षातली अमावस्या. लगेच मान डोलवू नका. आमच्याकडे हिच्याइतका उजेडातला सण नाही. गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा करतात, भज्जी, आंबील, उंडे, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवतात. शिवकन्या दोन दिवस आधी गावी निघाली. “काकू, चला की आमच्याकडं, आबा लय खूश होतील,” म्हणाली. मी नाही म्हटलं. परक्यांच्या सणात आपण कशाला, असा तेव्हा विचार केला. ती गेल्यावर मात्र गेले असते तर बरं झालं असतं, असं दर तासाला वाटत होतं.

त्या दिवशी आमची गल्ली ओस पडली होती. ज्यांची शेतं आहेत ते शेतात, ज्यांची नाहीत ते कुणाच्या तरी शेतात. मी जेवले, ताट घासलं आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसून तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. ऊन मागच्या दारातून आत आलं होतं. रेडिओ बंद होता. मला ना ताप होता, ना डोळ्यावर झोप. दम्याचा त्रास मला कधीच नव्हता.

शेंग हातात असताना माझी छाती आपोआप भरली.

जांभई येते तसं नाही. आपण पाण्यात बुडी मारण्याआधी भरून घेतो तशी, पण भरून घेणारी मी नव्हते. मग तो श्वास बाहेर गेला – सावकाश, सरळ, ओठ थोडे उघडे ठेवून. लगेच दुसरा, तसाच. आणि थांबलं. मी चकित होऊन बसून राहिले. वाटलं, जेवण जास्त झालं. शेंगा परत हातात घेतल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दोन. हातातली शेंग गळून पडली. आता मात्र मी घाबरले. आपण या घरात एकटे आहोत, पुढच्या दाराला आतून कडी आहे, कुणाला कळायलाही किती दिवस लागतील, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं.

तिसऱ्या खेपेच्या आधी माझ्या लक्षात आलं की मी मोजतेय. ठरवून नव्हे, मनातल्या मनात आकडे पळत होते, शिवकन्येच्या वेगाने. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस – आणि छाती भरली.

मी भिंतीला धरून हॉलमध्ये गेले, तिला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. बोलणाऱ्या बाईचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझे दोन श्वास गेले. मग मी फोन खाली ठेवला. कुणी सांगितलं नाही, काही दिसलं नाही, आवाज आला नाही. पण मी भिंतीशी लावलेला तो लोड ओढला नाही की काही नाही, आहे तिथेच फरशीवर गुडघे टेकले आणि ठरवलं की जे घ्यायचं असेल ते घे. आता मी अडवत नव्हते, उलट मदत करत होते. हळू सोडायचं, घाई नाही, चूल फुंकायची नाही... असं मी स्वतःला बजावत होते. किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. डोकं हलकं झालं, हातापायांना मुंग्या आल्या. आणि खरं सांगते, भीती पार निघून गेली होती. ज्या घरात दिवसभर माझ्या आवाजाचाही कुणाला उपयोग नव्हता, तिथे कुणीतरी माझा श्वास मागत होतं.

मग तीस झाले, मी छाती भरून घेतली, आणि तो श्वास कुणी घेतलाच नाही. मी तशीच थांबले. शेवटी तो माझा मीच सोडला. त्यानंतरची शांतता मला सहन झाली नाही, मी मोठ्याने रडले. काय झालंय ते माहीत नसताना इतकं रडू का आलं, हे मला आजही उमगलेलं नाही.

फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. शिवकन्या गंगाखेडच्या दवाखान्यातून बोलत होती, घसा बसलेला. जेवणं उरकल्यावर हात धुवायला पाणी हवं म्हणून आबा विहिरीवरची मोटर सुरू करायला गेले, आणि स्टार्टरचा शॉक बसून फेकले गेले. लोकांनी त्यांना उचलून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, बाजेवर आणून टाकलं. कुणी तळपाय चोळतंय, कुणी कांदा शोधतंय, कुणी म्हणतंय शॉक उतरायला मातीत घाला. ही धावत गेली तर आबांचा श्वास बंद. दोरीच्या झोळलेल्या बाजेवर छाती दाबून उपयोग नाही, खाली कठीण पाहिजे. म्हणून ही म्हणाली, आबांना खाली घ्या. तर हिची आई आडवी आली. बाजेवरून जमिनीवर कुणाला घेतात ते सगळ्यांना माहीत होतं.

“आई म्हने, जित्या मानसाला खाली घेत नसतेत,” शिवकन्या सांगत होती. “मी म्हनले, जिता ठिवायलाच घ्यायलेय. ती आयकंना. मग मी आईला ढकललं, काकू.”

चुलत्याने धीर करून पाय धरले आणि दोघांनी आबांना खळ्यावर, त्या सारवलेल्या टणक जमिनीवर आडवं केलं. आईने हंबरडा फोडला, तो ऐकून बाकीच्या बायकांनीही. सगळं संपलंय असंच त्यांना वाटलं. सगळे भोवती गोल उभे, आणि मधे ही एकटी. तीस दाबले आणि थांबून नेहमीच्या सवयीने म्हणाली, “काकू, दोन!”

“म्हन्ल्यावर ध्यानात आलं की तुमी न्हाईत. डोक्याशी कुनीच न्हाई. मी तिकडं सरकनार, तेवढ्यात आबांची छाती वर आली. दोनदा. मी परत दाबायले. परत तीस झाले, परत दोनदा. दर वेळंला, काकू. मी एकदाबी तोंडाशी गेले न्हाई.”

शेवटी आबा खोकले आणि त्यांचा श्वास सुरू झाला. मग शेजारच्या शेतातल्याच्या पिकअपमधे घालून गंगाखेड. डॉक्टर म्हणाले होते, वाचतील.

मी फोनवर काय बोलले ते आठवत नाही. ‘शाब्बास’ म्हटलं असेन, शिक्षिकेची सवय. माझं मी काही सांगितलं नाही.

आबा बरे होऊन घरी गेले आणि ती परत आली. कॉलेजात तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, हृदय थांबल्यावरही माणूस कधी कधी आचके देतो, ते पाहिलं असशील. असतील आचके. मी मोबाइलवर तसले व्हिडिओ शोधून बघितले, मलाही सुटका हवीच होती. पण आचका वेडावाकडा येतो, मान ओढून येतो, मनाला येईल तेव्हा येतो. तीस मोजून थांबलं की दोनदा, ओळीने, शांत – तसा एकही मला सापडला नाही. आणि समजा आबांचे ते आचके होते. माझे कशाचे होते?

ती परत आल्यावर काही दिवसांनी, मी कणीक मळत असताना, दारात उभी राहून तिने अगदी सहज विचारलं, “काकू, येळवशीच्या दुपारी तुमी काय करायल्या होत्या?”

तिच्या विचारण्यात सहज काहीच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला सगळं सांगायचं होतं. एवढं मोठं गुपित दोघींत वाटून घ्यायला मिळालं असतं तर पुढची सगळी वर्षं मला पुरलं असतं. पण उत्तर द्यायच्या आत मला ती पुढे कुठेतरी दिसली – कुठल्याशा आरोग्य केंद्रात एकटी, समोर कुणाचा तरी बाप किंवा पोर पडलेलं, तीस मोजून थांबलेली, डोक्याशी कुणीतरी येईल म्हणून वाट बघत. आणि कुणी आलंच नाही तर?

“शेंगा सोलत होते,” मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

ती वर निघून गेली.

पुढच्या परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी तिने हॉलमध्ये लोड टाकला आणि मला हाक मारली. मी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, गुडघे दुखताहेत, तू एकटीने कर. ती म्हणाली, परीक्षेत दोघांचंच विचारतेत. मी म्हटलं, “शेतात कुणी विचारलं होतं का?” जरा तोडूनच बोलले. मग तिने मोजायला सुरुवात केली. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, हातात चिमटा, गॅसवर काही नाही. ती मोजत गेली, आणि तीस आले तेव्हा माझी छाती सवयीने भरली. या वेळी भरणारी मीच होते. पण बाहेर तिच्या ओढणीची सळसळ झाली, ती सरकून डोक्याशी गेली, आणि तिने तिचे दोन श्वास स्वतः दिले. परत छातीशी आली, परत एक, दोन, तीन... आवाज जराही अडखळला नाही. मी माझा श्वास आवाज न करता सोडून दिला आणि तवा ठेवला. त्यानंतर ती ‘काकू, दोन’ कधीच म्हणाली नाही.

आता ती डॉक्टर होऊन दुसऱ्या जिल्ह्यात इंटर्नशिप करते. रविवारी फोन येतो, कधी राहूनही जातो. एका रविवारी म्हणाली, विहिरीत बुडालेलं एक पोर आणलं होतं, मी एकटीनेच केलं काकू, वाचलं. मी विचारलं, छाती कशी वर आली? ती म्हणाली, मी श्वास दिला तेव्हा. ते पोर आणलं त्या दिवशी मी इकडे देवळात कीर्तनाला गेले होते, मला काहीही झालं नव्हतं.

येळवशीला काय झालं ते मला माहीत नाही. विज्ञानाच्या बाईने असं लिहून द्यायला नको, पण पर्याय नाही. तुमच्यापैकी कुणी ते दोन जिवांचं नातं म्हणेल, कुणी म्हातारीचं मन म्हणेल. मला दोन्ही पटत नाही. वरची खोली रिकामी आहे. दुपारी काही निवडत, सोलत बसले की मी मनात तीसपर्यंत मोजते आणि थांबते. कुणी काही मागत नाही. मागू नये हेच बरं. कारण मागितलं म्हणजे कुठेतरी कुणीतरी पडलेलं असणार.

तरी थांबते.